घाटात तापलेली गाडी आणि फिटरचा शब्द

गेल्या वर्षी मे महिन्यात चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात माझी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक तापली. दुपारचे दोन वाजले होते, आत चार माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या होत्या, एसी चालू होता आणि पुढे एक भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत होता. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलला, पुढच्या दोन वळणांत तो लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटच्या कडेने वाफ येऊ लागली. त्या संध्याकाळी घाटमाथ्यापलीकडच्या एका गॅरेजात मला सांगण्यात आले की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधले सील) उडाले आहे, हेड उतरवावे लागेल, २८,००० रुपयांची तयारी ठेवा. दुसऱ्या दिवशी कराडच्या एका फिटरने बॉनेटला हात लावण्यापूर्वी मला एकच प्रश्न विचारला, आणि काम ४,२०० रुपयांत आटोपले. तो प्रश्न पुढे योग्य जागी येईल. गाडी तापण्याचे कारण शोधणे आणि कारण सांगणाऱ्या माणसाची पारख करणे ही दोन कामे वेगळी नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून येथे दोन्ही एकत्रच मांडली आहेत.

काटा चढल्यावर लगेच काय करावे

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकल्याचे दिसताच प्रथम एसी बंद करावा, काचा खाली कराव्यात आणि हीटर सर्वांत गरम खुणेवर नेऊन त्याचा पंखा पूर्ण वेगाने सोडावा. मे महिन्यात हे अघोरी वाटते, परंतु हीटर म्हणजे गाडीतला दुसरा लहान रेडिएटरच (इंजिनाची उष्णता हवेत सोडणारी जाळी) असतो आणि इंजिनाची बरीच उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. तेवढ्यानेच काटा उतरू लागला तर पुढची मोकळी जागा येईपर्यंत हळू चालवता येते. हीटरमधून गरम हवेऐवजी गार हवा येऊ लागली, तर मात्र ती वाईट खूण आहे. कूलंट (इंजिनातून फिरून ते गार ठेवणारे द्रव) संपले आहे किंवा ते फिरत नाही, असा तिचा अर्थ होतो. अशा वेळी, किंवा वाफ दिसत असताना, किंवा काटा लाल पट्ट्यात गेलेला असताना, ‘माथा आता जवळच आहे’ असा हिशेब करू नये. वळण सोडून सुरक्षित जागी गाडी घ्यावी, इंजिन बंद करावे, मागे धोक्याचा त्रिकोण ठेवावा.

काट्यावर फार विसंबूही नये. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम ‘स्थिर’ ठेवलेला असतो. तापमान बरेच वर-खाली झाले तरी तो मध्यावरच दिसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कित्येक नव्या लहान गाड्यांत तर काटाच नसतो, इंजिन गार असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल दिवा, एवढीच भाषा असते. शिवाय कूलंट वाहून गेले की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडू शकतो आणि काटा खाली येतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक उतरला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या माणसाचे इंजिन बहुधा त्याच दहा मिनिटांत जाते.

गाडी थांबल्यावर बॉनेट उघडायला हरकत नाही, पण रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण उघडू नये. हे झाकण केवळ बूच नसून दाब धरून ठेवणारी झडप आहे. त्यावर बहुतेक ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एका बारने जास्त राहतो. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच तो दाब सुटतो, ११० अंशांचे पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळते आणि सरळ हातावर व तोंडावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरच्या जाड होज पाइपला फडक्यातून हात लावल्यावर तो मऊ आणि कोमट लागला, तरच झाकण जाड फडक्याने धरून अर्ध्या फेऱ्यात थोडे थोडे सोडावे. तापलेल्या इंजिनात बाटलीतले गार पाणी ओतणे ही दुसरी चूक. त्या धक्क्याने ॲल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो.

या थांबण्याच्या वेळात एक काम अवश्य करावे. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरच्या मागचा पंखा फिरत होता का, जमिनीवर कुठे ओल दिसते, ती हिरवी-लाल चिकट आहे की एसीचे साधे पाणी आहे, वास गोडसर आहे का, कोणत्या वेगाला काटा चढू लागला, हे सारे मोबाइलमध्ये लिहून ठेवावे किंवा फोटो काढून ठेवावेत. माझ्या गाडीत वाफेचा फसफसाट सोडला तर बॉनेटखाली पूर्ण शांतता होती. पंखा फिरत नव्हता. मी ते पाहिले, पण टिपले नाही, आणि गॅरेजात सांगितलेही नाही.

गाडी केव्हा तापते

कोणता भाग बिघडला आहे, या प्रश्नाने सुरुवात करू नये. सुरुवात गाडी केव्हा तापते या प्रश्नाने करावी, कारण त्याचे उत्तर पाना हातात न घेता मिळते आणि अर्धे संशयित त्यावरच बाद होतात.

महामार्गावर ताशी ८० ने तास-दोन तास नीट चालणारी गाडी सिग्नलला, टोलच्या रांगेत किंवा घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर तापत असेल, तर दोष बहुधा हवेच्या बाजूला असतो. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो. वेग गेला की ते काम पंख्याकडे येते. पंख्याची मोटार, तिचा फ्यूज, रिले, वायरिंगचा जोड किंवा पंख्याला हुकूम देणारा सेन्सर, यांपैकी काहीतरी गेलेले असते. बोलेरोसारख्या काही डिझेल गाड्यांत हा पंखा इंजिनावरच पट्ट्याने फिरतो आणि मध्ये चिकट द्रवाचा क्लच असतो. तेथे क्लच सैल पडलेला असू शकतो.

याच्या उलट, शहरात आणि सिग्नलला काही त्रास नाही, पण वेगात, भार घेऊन चढताना किंवा महामार्गावर अर्ध्या तासाने काटा चढतो, अशी तक्रार असेल तर पंख्याला निर्दोष समजावे. तेथे पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेशी उष्णता सोडत नाही. क्षाराने आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), पाती झिजलेला, पाणी फिरवणारा वॉटर पंप, किंवा वेगात आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज पाइप, ही येथली नेहमीची मंडळी आहेत. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाड्यांत चोंदलेला रेडिएटर फार दिसतो. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

गाडी सुरू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांतच, कोणत्याही वेगाला तापत असेल, तर प्रथम कूलंटची पातळी, मग बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, मग पंप, आणि सर्वांत शेवटी हेड गॅस्केट, असा क्रम धरावा. हा क्रम स्वस्तातून महागाकडे जातो, पण तो त्यासाठी निवडलेला नाही. स्वस्त कारणेच अधिक वेळा घडतात आणि तपासायला सोपी असतात, म्हणून तो तसा आहे.

आता कराडच्या मिस्त्रींचा प्रश्न. माझी घाटातली हकीकत ऐकून त्यांनी विचारले, “साहेब, गाडी उभी असताना एसी गार लागत होता का?” मला आठवले की त्याच दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत गर्दीत अडकलो असताना एसीतून कोमट हवा येत होती आणि गाडी हलली की ती पुन्हा गार होत होती. गॅस कमी झाला असेल म्हणून मी सोडून दिले होते. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि अनेक गाड्यांत दोघांना एकच पंखा वारा घालतो. पंखा मेला की उभ्या गाडीत आधी एसी कोमट होतो आणि मग इंजिन तापते. मिस्त्रींनी पंख्याचा जोड सोडवून मोटारीला बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या. पंखा हलला नाही. मग त्यांनी पान्याच्या दांड्याने मोटारीच्या पाठीवर दोन हलके टोले दिले, तसा पंखा घरघर करीत फिरू लागला आणि मिनिटभराने पुन्हा थांबला. आतले कार्बन ब्रश झिजले होते. हे सारे त्यांनी मला बोलावून, वाकवून दाखवले.

गार इंजिनावर घरी काय पाहावे

पुढील तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करावी. टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये कूलंट आहे का, हे पाहणे पहिले. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतंत्र झाकण असते तेथे ते उघडून आतही पाहावे. बाजूची टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असे होऊ शकते, कारण झाकणाची झडप खराब झाली की टाकीतले कूलंट परत आत ओढले जात नाही. कूलंटचा रंग गढूळ तांबूस झाला असेल तर आत गंज आहे. रंगावरून कूलंटची जात ओळखू नये. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले रंग आहेत, आणि दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळले तर गाळ धरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच घ्यावे. घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेल्या, स्वरूपातले असेल तर त्यात बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून साधे पाणी चालते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु ग्लायकोलमुळे उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यातली रसायने गंज रोखतात, ही दोन्ही कामे उन्हाळ्याच्या प्रदेशातच अधिक लागतात. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. चढून वर जाणाऱ्या आणि झाकणाची झडप सैल असलेल्या गाडीला हा फरक भोवतो. कूलंट विषारी असून चवीला गोड असते, म्हणून सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांच्या आणि मुलांच्या वाटेत ठेवू नये.

होज पाइप दाबून पाहावेत. ते कडक, भेगाळलेले किंवा क्लिपच्या जवळ फुगलेले असतील तर बदलावेत. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवी रेघ दिसते का, ते टॉर्चने पाहावे. पंपाला त्यासाठीच लहान भोक ठेवलेले असते आणि त्यातून गळू लागले की पंपाचे सील गेले असे समजतात. रेडिएटरच्या जाळीत कापसासारखा कचरा, मेलेले किडे, चिखल भरला असेल तर मागच्या बाजूने पुढे, पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने जवळून मारलेली धार पातळ पाकळ्या वाकवते आणि मग हवा जाण्याची वाटच बंद होते.

यानंतर इंजिन सुरू करून, एसी बंद ठेवून, उभ्या गाडीत तापू द्यावे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचे, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याचे, सॉकेट असते. त्यात बसणारा लहानसा ब्लूटूथ ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर कूलंटचे तापमान अंशांत दाखवतो. काट्यापेक्षा हा आकडा शंभरपट बोलका असतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतो, बहुतेक गाड्यांत पंखा ९५ ते १०५ च्या दरम्यान कुठेतरी चालू होतो आणि आकडा खाली आणतो. १०५ ओलांडूनही पंखा गप्प असेल तर इंजिन बंद करावे. उत्तर मिळालेले असते. पंखा फिरतो आहे, आकडा चढतोच आहे, वरचा पाइप कढत आहे आणि खालचा पाइप गार आहे, अशी स्थिती असेल तर पाणी रेडिएटरमधून जात नाही. थर्मोस्टॅट अडकला आहे, पंप फिरत नाही किंवा हवेचा बुडबुडा अडकला आहे. पाइपला हात लावताना सैल बाही आणि ओढणी पंख्यापासून दूर ठेवावी, कारण पंखा न सांगता सुरू होतो.

थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून घेऊन चहाच्या जुन्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवावा आणि दोऱ्याने टांगून पाहावा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्या आकड्याच्या पुढे गेले की मधली चकती डोळ्यांदेखत उचलली गेली पाहिजे. उकळत्या पाण्यातही ती मिटलेलीच राहिली तर वादाचा प्रश्नच उरत नाही. (ते पातेले पुन्हा चहाला वापरू नये, हे सांगावे लागत नाही, तरी सांगतो.)

हेड गॅस्केट खरेच उडाले आहे का

तापलेल्या गाडीत सर्वांत महागडे निदान हेच आहे आणि सर्वांत सहज केले जाणारेही हेच. ते खोटे असेलच असे नाही. एकदा जोरात तापलेल्या इंजिनाचे हेड वाकू शकते आणि त्यामुळे गॅस्केट फुटू शकते. म्हणजे कारण पंख्याचे असले तरी परिणाम गॅस्केटवर झालेला असू शकतो. पण या निदानाला पुरावे असतात आणि ते हेड न उतरवता मिळतात.

गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. हवा अडकली असेल तर बुडबुडे थोड्या वेळाने थांबतात, गॅस्केट गेले असेल तर थांबत नाहीत. झाकण लावून थंड इंजिन सुरू करताच, पाणी तापायच्या आधीच, मिनिट-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तर तीही तीच खूण. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणे, कुठेही न गळता कूलंट कमी होत जाणे, ऑइलच्या डिपस्टिकवर किंवा झाकणाखाली दुधाच्या कॉफीसारखा साका दिसणे, या पुढच्या खुणा. शेवटच्या खुणेत मात्र फसगत होते: पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली बाष्पामुळे थोडा साका धरतोच. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल तर केवळ झाकणावरून निकाल देऊ नये.

काही गॅरेजांत निळ्या द्रवाची चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढली आणि त्यात जळालेला वायू असला तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर, तर लहान गॅरेजातही असते. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांच्या आत असावेत. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम खाली असतील तर त्यांच्या मधले गॅस्केट फुटले असण्याची शक्यता मोठी.

कराडच्या मिस्त्रींनी पंखा सापडल्यावरही या चाचण्या केल्या. पहिल्या गॅरेजाचे निदान त्यांनी हसण्यावारी नेले नाही. “एकदा उकळलीय, बघून घेऊ,” एवढेच म्हणाले. मोटार बदलून गाडी रात्रभर तशीच ठेवली, सकाळी झाकण काढून बुडबुडे पाहिले आणि प्लग काढून चारही सिलिंडर मोजले. आकडे १६५ पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास, एकमेकांना लागून होते. माझा त्यांच्यावरचा विश्वास पंख्यापेक्षा या सकाळीमुळे बसला.

हेड उतरवणे अटळच ठरले तर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (मापाच्या पातळ पत्त्यांनी) वाक मोजणार का, फेसिंग (हेडचा तळ यंत्रावर सपाट करणे) कोठे करणार, आणि हेडचे बोल्ट नवे घेणार का. बहुतेक कंपन्या ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालवून घेत नाहीत. हा आकडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘नजरेने बघितले, सरळ आहे’ हे उत्तर अपुरे आहे. अनेक इंजिनांचे हेड बोल्ट घट्ट करताना ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. टॉर्क रेंच (बोल्ट ठरल्या जोरानेच आवळणारा पाना) नसलेल्या गॅरेजात हे काम देऊच नये.

फिटरवर किती विसंबावे

आपल्याकडे या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एकानुसार सगळे गॅरेजवाले लुटारू आहेत, दुसऱ्यानुसार ‘आमचा माणूस’ देव आहे. दोन्ही मतांचा गाडीला उपयोग नाही. पहिल्या गॅरेजातला माणूस मला लुबाडत होता की त्याला खरोखर तसे वाटत होते, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि खरे तर ते ठरवण्याची गरजही नव्हती. त्याने झाकण उघडून टाकीतले तपकिरी पाणी पाहिले, ऑइलचे झाकण काढून नाक मुरडले आणि आकडा सांगितला. त्याने काही विचारले नाही आणि काही मोजले नाही. मला पाहायचे होते ते एवढेच होते.

गाडी तापण्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इतर दुरुस्त्यांत ‘आत्ता नाही केले तर मोठे नुकसान होईल’ असे म्हणणाऱ्यावर संशय घेता येतो. येथे ते वाक्य खरे असते. तापलेली गाडी तशीच चालवली तर इंजिन जाऊ शकते, हे प्रामाणिक फिटरही सांगेल आणि लबाडही सांगेल. म्हणून भीती घालतो की नाही, या कसोटीवर माणूस ओळखता येत नाही. गाडी तेथेच थांबवून ठेवण्याचा आणि घाई न करण्याचा उपाय मात्र दोघांनाही लागू पडतो. विम्यासोबत रस्त्यावरील मदतीची जोड घेतलेली असेल तर गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर घालून दुसऱ्या गावी नेता येते. मी तेच केले, आणि त्या रात्री कोयनानगरच्या थंड हवेत इंजिनापेक्षा माझेच डोके अधिक गार झाले.

फिटरला निदान सांगू नये, लक्षण सांगावे. “पंप गेलाय बहुतेक” असे म्हटले की पंप बदलला जातो, आणि मग तो गेला नव्हता हे सिद्ध करायला कोणी बसत नाही. दुसऱ्या फिटरकडे गेल्यावर पहिल्याचे निदान आधी सांगू नये. त्याचे ऐकून घ्यावे, मग सांगावे आणि तो ते कसे तपासतो ते पाहावे. तपासणीचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवावी. तासभर मोजून ‘काही झालेले नाही’ असे सांगणाऱ्याला आपण चहापाण्यावर पाठवतो आणि तीस हजारांचे काम काढणाऱ्याला तीस हजार देतो, मग गॅरेजात कोणती सवय वाढेल?

“हे कशावरून?” हा प्रश्न शांतपणे विचारावा. चांगला फिटर या प्रश्नाने चिडत नाही, उलट खूश होतो आणि हात धरून दाखवतो. सुटे भाग जुने परत मागावेत, पेटीसह नवे दाखवायला सांगावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी सुटे भाग व मजुरी वेगळी लिहिलेला अंदाज घ्यावा, निदान व्हॉट्सॲपवर तरी. काम करताना आणखी काही निघाले तर फोन करून विचारल्याशिवाय करू नये, हेही त्यातच लिहावे.

काही सूचना ऐकल्या की मी गाडी परत घेतो. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे लागत नाही’ ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त पिते, लवकर झिजते. आणि काही इंजिनांत तो काढल्यावर पाण्याची आडवाट उघडी राहून गाडी आणखी तापते. ‘फॅन डायरेक्ट करून देतो’ ही दुसरी. घरी पोहोचण्यापुरता तो जुगाड क्षम्य आहे, पण कायमचा डायरेक्ट केलेला पंखा मूळ दोष झाकतो आणि मोटार लवकर संपवतो. रेडिएटरची गळती बंद करायला हळद टाकण्याची ट्रक ड्रायव्हरांची जुनी युक्ती आहे आणि ती रानात उपयोगी पडतेही. मात्र गळती बुजवणारी हळद किंवा पावडर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. रेडिएटरला ‘रॉडिंग’ (नळ्यांत सळी घालून सफाई) करून देण्याचे दिवस तांब्या-पितळेच्या रेडिएटरसोबत गेले. आजच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमच्या जाळीला ते झेपत नाही.

कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर की ओळखीचे गॅरेज, याला सरसकट उत्तर नाही. वॉरंटी चालू असेल तर सेंटरच, कारण बाहेर उघडलेल्या कूलिंग सिस्टिमवर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. वॉरंटी संपलेल्या गाडीत सेंटरचा कल एका सुट्या भागाऐवजी अख्खा संच बदलण्याकडे असतो. पण तेथे बिल पक्के मिळते. लहान गॅरेज निवडताना मी टुरिस्ट गाड्यांच्या चालकांना विचारतो. दिवसाला तीनशे किलोमीटर चालवणारा माणूस चुकीच्या फिटरकडे दुसऱ्यांदा जात नाही, त्याचा त्या दिवसाचा धंदाच बुडतो. आणि पहिले काम मोठे देऊ नये: ऑइल बदलायला न्यावे आणि तो बोल्ट कसा आवळतो, फडके कोठे ठेवतो, बिल लिहितो का, ते पाहावे.

फसवणूक झालीच तर पक्के बिल, अंदाजाची नोंद आणि दुसऱ्या फिटरचा लेखी अभिप्राय हाताशी हवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दुरुस्ती ही सेवा आहे आणि सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. तोंडी व्यवहारात यातले काहीच हाती लागत नाही.

दुरुस्तीनंतरचा आठवडा

कूलंट बदलल्यावर सिस्टिममधली हवा काढावी लागते. गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरम करून, झाकण उघडे ठेवून पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवतात. काही गाड्यांत हवा सोडण्यासाठी वेगळा स्क्रू असतो. हे न केलेली गाडी दुरुस्त होऊनही दुसऱ्या दिवशी तापते आणि मग नव्या पंपावर आळ येतो. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी फिटरसोबत पंधरा मिनिटांची फेरी मारावी, परत येऊन एसी बंद करून उभ्या गाडीत पंखा स्वतःहून चालू होतो का, ते दोघांनी मिळून पाहावे.

टाकीवर मार्करने आजची पातळी आणि तारीख लिहावी. आठवडाभर रोज सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर ती पाहावी. पहिल्या एक-दोन दिवसांत बोटभर उतरली तर अडकलेली हवा निघाली असे समजून तेच कूलंट वर घालावे. त्यानंतरही उतरत राहिली आणि खाली कुठे थेंब दिसत नसेल, तर पुन्हा त्याच फिटरकडे जाऊन थंड इंजिनावर झाकण उघडायला सांगावे आणि बुडबुडे मोजावेत.